रांजणाचा तळ

शेवंता, मी नातीला घेऊन लेकाकडं पुण्याला निघाले तेव्हा लाखांदूरच्या स्टँडवर तू माझ्या पिशवीत पाण्याची बाटली खुपसलीस, आठवते ना? "बाई, आपल्या रांजणातलं आहे. तिकडचं पाणी गोड नाई लागत." लहानी जाऊ ती तू, पण डोळे असे पुसत होतीस की मी म्हटलं, "अवो, मी काय लढाईवर चालली?" एसटी हलली, मांडीवरची नात रडायला लागली, तर मी तिला तेच पाणी पाजलं. वर्षाची पोर. चांगलंच केलं असं वाटलं मला.

पुण्यात तिसऱ्या दिवशी तिला जुलाब. डोळे आत गेले, रडली तरी टिपूस येईना. मला माझी लेक, बेबीच दिसली. तशीच वर्षाची, तशीच मान टाकलेली. तेव्हा तू लग्न होऊन आली नव्हतीस. सासूबाई म्हणाल्या, "दात येऊन राहिले पोरीले. पाणी देऊ नोको, आणखी हगंल." मी नाही दिलं. चार दिवसांत बेबी गेली.

नात वाचली. दवाखान्यात ओआरएस दिलं, झिंकच्या गोळ्या दिल्या. मग आरोग्यसेविका पाणी तपासायला घरी आली. तुझ्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, अगदी काचेसारखं. तिनं ते तपासणीचं औषध घातलेल्या शिशीत ओतून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना सहज बघितलं, तर शिशी काळी. काजळ कालवल्यासारखी. कोणी हातही लावला नव्हता. पाणी खराब असलं की असं होते म्हणे.

तुला फोन केला तर तू हसलीस. "विहिरीचं तपासलं ना बाई, चांगलं निघालं!" मग म्हणालीस, "आमच्या नातवालेही लागली हगवण, बाबूले. दात येऊन राहिले."

तेच शब्द, शेवंता. आवाजही मला सासूबाईंचाच वाटला.

विहीर चांगली, मग काळं कुठून? "रांजण रिता करू नोको, घर रितं होते," असं त्या सांगायच्या. म्हणून आपण तळ कधी पाहिलाच नाही. जुन्यावर नवं ओतलं, हात बुडवून तांब्या भरला. बेबीच्या वेळचं पाणी अजून तिथंच होतं, आणि ते बाबू पीत होता.

मी ओरडलेच, "बाबूले दवाखान्यात ने, अन् रांजण उपस!"

"रिता करू, बाई?"

"कर. घर कायनं रितं होते, मले माहीत आहे."

संध्याकाळी तुझा फोन आला. सलाईन लावलं, बाबूनं डोळे उघडले. मग तू म्हणालीस, "बाई, तळच्या गाळात वाटी सापडली. लहानशी, पितळी."

बेबीची वाटी. ती आजारी पडली त्या दिवशी हरवली होती. सारं घर शोधलं होतं मी.

इथं पुण्यात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, निळा दिवा लागतो, पाणी येते. तरी घर म्हटलं की मला तो पालथा रांजणच दिसते. ज्या घराचं पाणी प्यायची भीती वाटते, तेच माझं घर. ती वाटी राखेनं घास, उकळून घे, अन् बाबूला उकळलेलं पाणी तिच्यातूनच पाज. पाजताना एकदा म्हणजो, "घे बेबी."

पोर माझी तहानलेलीच गेली.