पुढच्या दारावरची थाप

"माझ्या बहिणीकडे बघायचं असेल तर दुसरी होडी शोध," सेल्बी म्हणाला.

"तुझ्या बहिणीशी मला काय देणंघेणं? मला होडीतली जागा हवीय," लिअँडर म्हणाला.

चुलीपाशी जाळं दुरुस्त करत बसलेल्या दोन मित्रांचं हे भांडण सेल्बीच्या बहिणीनं, मर्टलनं, जिन्यावरून ऐकलं. तिच्या हातात लोकरीचा मोजा होता, अर्धा विणलेला. तो लिअँडरसाठी आहे हे तिच्या मनाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं तो पुरा केला आणि मुकाट्यानं भावाला दिला. सेल्बीच्या पायात तो ढगळ झाला.

"माप कुणाचं घेतलंस गं?"

"तुझ्या तोंडाचं," मर्टल म्हणाली.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, आमच्या गावात, मागच्या दारानं यायचं ते न विचारता. कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. सरळ स्वयंपाकघरात येऊन बसायचं. भांडण मिटलं, लिअँडरला होडीत जागा मिळाली आणि तो रोज यायला लागला. खिडकीखालच्या बाकावर बसायचा, टोपी गुडघ्यावर. मर्टल चहा द्यायची. तो "उद्या वारा फिरेल" म्हणायचा, ती "फिरू दे" म्हणायची. एवढ्यावर तिचं अख्खं तरुणपण गेलं. मासळीच्या कारखान्यात तिच्याशेजारी उभं राहून कॉड कापणाऱ्या दोघांनी तिला मागणी घातली. तिनं दोघांनाही हसून वाटेला लावलं. आईबाप गेले, तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले, तरी बाकावरची ती टोपी होतीच.

मग समुद्रातली मासळी संपत आली म्हणून सरकारनं कॉड धरायला बंदी घातली. होडी किनाऱ्यावर पालथी पडली आणि सेल्बी बायकोला घेऊन पश्चिमेकडे कामाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मर्टलनं सवयीनं दोन कप मांडले. लिअँडर आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तेव्हा तिला कळून चुकलं, की तो यायचा तो भावासाठी. तिनं एक कप वरच्या फळीवर ठेवून दिला. रडली असेल, पण कुणी बघितलं नाही.

एका रविवारी दुपारी पुढच्या दारावर थाप पडली.

आता आमच्याकडे पुढच्या दाराला पायऱ्यासुद्धा नसतात. ते दार उघडायचं ते शवपेटी बाहेर काढायला. एरवी तिथं थापा मारणारा एकतर सरकारी माणूस, नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला पाद्री. मर्टलनं तर दाराला कपाट लावून टाकलं होतं. सेल्बीचं काही बरंवाईट झालं असणार, या भयानं ती जिन्याखाली श्वास रोखून बसली. जे ऐकलंच नाही ते घडलंही नाही, अशी तिची समजूत. थापा थांबल्या.

सोमवारी दुकानात बर्निसनं पिठाची पिशवी बांधता बांधता विचारलं, "काय गं, काल त्या लिअँडरला चिखलात ताटकळत का ठेवलंस? अंगात सूट होता बिचाऱ्याच्या. बापाच्या मयतीनंतर पहिल्यांदाच बाहेर काढलेला."

मर्टल पिशवी तिथंच विसरली. तडक लिअँडरच्या घरी गेली, मागच्या दारानं आत शिरली आणि त्याच्याच खुर्चीत बसली.

"पुढच्या दारानं मढी जातात, लिअँडर."

"मग काय करणार? मागचं दार मला सेल्बीमुळे होतं. आता स्वतःसाठी यायचं तर परक्यासारखं विचारूनच यायला हवं ना."

"आणि त्या दिवशी काय म्हणाला होतास? माझ्याशी काय देणंघेणं म्हणून?"

लिअँडरचे कान लाल झाले. "ऐकलंस होय? हो म्हटलं असतं तर होडी जाती, आणि होडीबरोबर तुझ्या घरचा चहाही. नाही म्हटलं म्हणून रोज दिसलीस तरी."

"मूर्ख आहेस."

"सेल्बीही तेच म्हणाला. फोन करून परवानगी मागितली त्याची. म्हणाला, ते भांडण मला आठवतही नाही रे, एवढी वर्षं कशाची वाट बघत होतास?"

मर्टल हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंड बाहीत लपवलं. "चहा तरी टाक," ती म्हणाली. "आयुष्यभर माझा प्यायलास."

त्यांचं लग्न झालं तेव्हा गावानं आधी हसून घेतलं आणि मग पोटभर जेवून घेतलं. पुढं लिअँडरची नजर अधू झाली. त्याला पेपरमिंटच्या गोळ्यांचा भारी नाद. म्हणून दर शुक्रवारी मर्टल टेकडी उतरून त्या आणायची.

तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या शुक्रवारीही गेली. उतारावरसुद्धा तिला दोनदा कुंपण धरून उभं राहावं लागलं होतं.

"चेहरा उतरलाय तुझा," बर्निस म्हणाली. "त्यालाच पाठवायचं की, चाचपडत का होईना."

"त्याला पाठवलं तर वाटेतच फस्त करून येईल."

घरी येऊन तिनं पुडी त्याच्या हाताशी सरकवली. त्यानं चाचपून पाहिली.

"कमी दिल्यात बर्निसनं."

"एक मी खाल्ली," मर्टल म्हणाली, कोट खुंटीला लावला, आणि चुलीवर किटली चढवली.