भिंतीला काय माहीत

स्वतः जळून दुसऱ्याला उजेड द्यावा, यापरतं माणसाच्या जन्माचं सार्थक नाही. हे वाक्य आमच्या साहेबांनी सोनेरी चौकटीत लावलं होतं. ऑफिस पडेगावात, फरशीच्या दुकानाखालच्या तळघरात. त्यामुळे ते वाचायला भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे.

त्या चौकटीखाली बत्तीभाऊ बसत. उमेदीत त्यांनी लासूर स्टेशनला मांडवांची रोषणाई केली होती. पुढे संगणक शिकून ते आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममधल्या किल्ल्यांना उजेड देऊ लागले. पण कपाळाशी हात धरून, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहायची सवय मांडवातलीच राहिली. उन्हात दिव्यांची माळ लागली की नाही ते बघावं तशी.

गेममध्ये उजेडाचं गणित आधी करून तो भिंतींवर छापून ठेवतात. याला बेक करणं म्हणतात. भाऊ म्हणत, "भट्टी लावली." आमच्या यंत्रावर एका भट्टीला चार तास लागत. तेवढा वेळ ते कुणाला माउस धरू देत नसत आणि स्वतःही खुर्ची सोडत नसत.

मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो तेव्हा त्यांनी राजीनामा दिलेला होता. नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं आणि तिथं इथलं कार्यमुक्तीचं पत्र लागणार होतं. साहेब रोज जिन्यावरूनच विचारत, "भाऊ, बोगदा हो गया क्या? वो चमका दो, लेटर तयार है."

बोगदा किल्ल्यातला होता. त्यातल्या मशाली लखलखत होत्या, शेजारची भिंत मात्र काळी ठिक्कर. मी म्हणालो, "भाऊ, मशाल तर पेटलीय."

"बापू, ती दिसायला पेटली हाय. भिंतीला काय माहीत?"

भाऊंचा नियम होता, एका भट्टीत एकच बदल. "दोन केले की गुण कोणाचा आला ते कळत नाय." कॅलेंडरच्या पाठीवर संशयितांची यादी. तपासलं की काट, आणि काट मारलेल्याकडे पुन्हा बघायचं नाही. त्यांनी मशालींची चमक इतकी वाढवली की त्या ट्यूबलाइटसारख्या पांढऱ्या झाल्या. भिंत काळीच. यादी संपत आली, महिनाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी कोरी खोली उभी केली: एक भिंत, एक नवी मशाल. छोटी भट्टी दहा मिनिटांत झाली आणि भिंत केशरी उजळली. मग बोगद्यातली मशाल आणून शेजारी ठेवली. अंधार. दोन्हींच्या सेटिंगमधल्या खुणा ते पडद्यावर बोटानं ताडत गेले आणि एका चौकोनापाशी बोट थांबलं. वस्तू जागची हलणार नाही, अशी तिथं खूण असते. ती असेल तरच वस्तूचा उजेड छापला जातो. बोगद्यातल्या मशालीवर ती नव्हती.

"ही तर मी पहिल्याच दिवशी पाह्यली व्हती. काट मारली. कोणी काढली?"

"मी. साहेबांना मशाली डुलायला हव्या होत्या."

पहिल्या दिवशी दोष वेगळाच होता. तो त्यांनी चौथ्या भट्टीत दुरुस्तही केला होता. तोवर मी खुणा काढून मशाली डोलवल्या होत्या.

"आन् तुला कळलं नाय व्हय?"

दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. पण भाऊ गेले की ती खुर्ची मला मिळणार होती, आणि त्या खुर्चीतून माणूस सुटता सुटत नाही ते मी रोज पाहत होतो, म्हणून बोललो नव्हतो. मी हे सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

त्यांनी साऱ्या मशालींना खूण केली, भट्टी लावली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. म्हणाले, "मशालीला इचार बापू. हलायचं का उजेड द्यायचा? दोन्ही नाय जमत इथं."

भिंती उजळल्या. साहेबांनी पत्र दिलं, सोबत शाल आणि नारळ. भाषणात ते चौकटीतलं वाक्य दोनदा आलं. भाऊ शाल पिशवीत कोंबून जिना चढले ते एकदाही मागे न बघता. एक तारखेला ते नाशकात हजर होते.

पुढच्या सोमवारी साहेबांना मशाली पुन्हा डुलायला हव्या झाल्या. उजेडही तेवढाच हवा होता. माझा राजीनामा त्यांच्या टेबलावर आहे. बोगदा उजळला की पत्र मिळणार आहे.