पाणी कुणी उकळायचं?

लालबागच्या आमच्या चाळीत अख्ख्या मजल्याला एकच नळ होता. त्या आठवड्यात त्याच्या पाण्याला गटाराचा वास यायला लागला आणि पोरं एकामागून एक जुलाबांनी आडवी झाली. शेजारच्या मालवणी काकींची चार वर्षांची नात सगळ्यांत जास्त खंगली.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. अक्षरओळख मोर्चाच्या पत्रकांवर झालेली. वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, "फुटका पाइप शोधायला वेळ लागेल. तोवर पाणी उकळून प्या." घरी येऊन मी पत्रक लिहिलं आणि हातानं प्रती काढून दारोदार चिकटवल्या. मथळा ठसठशीत: "पाणी उकळलेच पाहिजे!"

पत्रक भलतंच गाजलं. धडधाकट पोरं गॅलरीभर तीच घोषणा देत फिरली, पुरुषांनी वॉर्डावर मोर्चा ठरवला. पाणी मात्र एकाही घरात उकळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर काकींनी मला अडवलं.

"पानी उकळलाच पाहिजे. बरा. पन कोनी गो? मुन्सिपाल्टी येऊन उकळतली?"

"काकी, तुम्ही!"

"मग तसा लिव ना! 'पाहिजे' वाचला की आमका वाटता, तू सरकाराक सांगतंस. आनि जळणाचा काय?"

बरोबरच होतं त्यांचं. त्या दिवसांत भिंतीवरचा प्रत्येक "पाहिजे" सरकारसाठीच असायचा.

तासाभरात चाळीचं सत्यनारायणाचं मोठं तपेलं माळ्यावरून खाली आलं. अंगणात तीन दगडांची चूल मांडून मी नवं पत्रक लावलं: "आज पाणी मी उकळते. उद्या खोली दोन, परवा खोली तीन. प्रत्येक घरानं एक लाकूड आणावं. न आणणाऱ्याचं नाव इथं लिहिलं जाईल." शेवटची ओळ वाचून लाकडांचा ढीग पडला.

पहिला पेला काकींनी फुंकून गार केला आणि नातीच्या ओठांना लावला. मोर्चाही नेला आम्ही, पाइप बदलेपर्यंत हटलो नाही. पण त्याआधीच एका सकाळी ती नात भिंत धरत धरत गॅलरीत आली आणि काकींकडे बोट दाखवत बारीक आवाजात ओरडली, "पानी आजयेन उकळलाच पाहिजे!"