डोमाभाऊची बायको

माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, असं मी ऐकून होतो. मी मात्र धोंडा आधी धुतला, त्याला कुंकू लावलं आणि वाजतगाजत आणून पायावर ठेवला. विश्वास नाही बसत? मग ऐकाच!

आमच्या सिंदेवाहीकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई आली की घरं पाहुण्यांनी फुगतात, पाहुण्यांमध्ये सोयरिकी जुळतात आणि रात्री नाटक होतं. नाटकात डोमाभाऊ नसेल तर ते नाटकच नव्हे. डोमाभाऊ म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा विनोदवीर! पडद्याआड नुसता खोकला तरी मांडव हसतो. वर्षानुवर्षं भूमिका एकच, बायकोनं छळलेला नवरा. ती लाटणं घेऊन मागे, हा धोतर सावरत पुढे.

पण होळीनंतर नाटकं बंद. मग आम्ही चाहत्यांनी हसायचं कशाला? उन्हाचा पारा बघून?

एकदा भर मे महिन्यात चहाच्या टपरीवर सलीमभाऊ शिंपी म्हणाला, "डोमाभाऊनं सोताचा ब्लॉग काढाले पायजे गा. रोज मोबाईलवर दोन गोष्टी वाचल्या असत्या, तं उन्हाळा निंगला असता."

अख्खी टपरी "हो ना!" म्हणाली. माझं मंडप डेकोरेशनचं दुकान. डोमाभाऊच्या डोक्यावरचा मांडव नेहमी माझाच, म्हणून नंबर माझ्याकडे होता. लावला फोन.

"भाऊ, तुमच्या नावाचा ब्लॉग पायजे. लोकं वाट पाहून राह्यले."

पलीकडून धापा. "अजी, मी इथी तेंदूपत्ता तोडून राह्यलो, मांगं अस्वल लागून राह्यलं, आन् तुमाले ब्लॉग सुचून राह्यला? लिवा ना तुमीच, काय लिवाचं ते!"

फोन बंद.

आता तुम्हीच सांगा, ही परवानगी नव्हे तर काय? मी तरी तीच समजलो. त्याच दुपारी कुलरसमोर बसून 'मी डोमाभाऊ बोलतो' नावाचा ब्लॉग काढला. पहिली गोष्ट अस्वलाची. खरं अस्वल बहुतेक लांबूनच गेलं असेल. माझ्या ब्लॉगवरचं अस्वल डोमाभाऊकडून तंबाखू मागून घेऊन, चुना कमी आहे म्हणून कुरकुर करत गेलं.

लोक तुटून पडले! बल्लारपूरहून, नागभीडहून, पार गडचिरोलीहून प्रतिक्रिया. 'भाऊ, आणखी लिवा!' टपरीवर सगळे मोठ्यानं वाचायचे आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून सगळ्यात जास्त हसायचो. मजा काय सांगू!

पण अस्वलं किती दिवस पुरणार? मजकूर संपला. मग घरातल्याच मालाला हात घातला. बायको! डोमाभाऊची बायको तर सगळ्या जगाला ठाऊक. मी फक्त तिच्या अंगावर माझ्या बायकोच्या गोष्टी घातल्या.

लिहिलं की, 'माझ्या कारभारणीनं माझा लग्नातला जांभळा कोट शेतातल्या बुजगावण्याला घातला. संध्याकाळी मी बांधावरून जाताना वाटलं, सासरे आलेत. वाकून पाया पडलो.' शंभर टक्के खरं. घडलं मात्र माझ्याबाबतीत.

आणि सुनंदा, म्हणजे आमची ही, या ब्लॉगची पक्की वाचक! ती कोटाची गोष्ट वाचायला लागली आणि मी घामाघूम. ती मात्र खूश.

"अजी, पायलं? डोमाभाऊच्या बायकोनंबी कोट बुजगावण्यालेच घातला! हुशार बाया अशाच रायतेत."

मला जोर चढला. मग मी वड्यांवर लिहिलं. 'आमच्या हिचे वडे असे की एक छतावर फेकला, तर कौल फुटलं, वडा नाही.' सगळा जिल्हा हसला. सुनंदा हसली नाही.

"बिचारी चुलीपाशी उभी राहून रांधते, आन् हा मानूस चारचौघात असा लिवते? येऊ दे मंडईले. मी इचारतेच त्याले!"

झालं! मंडई तोंडावर, मी नाटक ठरवणाऱ्या मंडळाचा सभासद, आणि डोमाभाऊचं दुपारचं जेवण ठरलं होतं आमच्याच घरी. दोघं समोरासमोर आले की माझं बिंग फुटणार. काय करू? डोमाभाऊला वेशीवरच गाठलं.

"भाऊ, एक सांगाचं होतं. आमच्या घरी जेवताना बोलाची पद्धत नाई. एक शब्दबी नाई. वाडवडिलांपासून."

"अजी, मंग त काई हरकत नाई," डोमाभाऊ म्हणाला. गरीब माणूस!

पंगत बसली. डोमाभाऊ, मी आणि फुकटचं जेवण कधी न चुकवणारा सलीमभाऊ. सुनंदानं मुद्दाम वडेच केले होते. डोमाभाऊच्या पानात तिनं एक वाढला. वाढला म्हणजे आपटला.

"काऊन हो भाऊ, कसा हाये वडा?"

डोमाभाऊनं नुसती मान डोलावली.

"कौल फुटंल का यानं?"

डोमाभाऊ गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं मान खाली घातली.

"पाय, कशी मान खाली गेली! बायकोचं नाव काढलं का आवाज बंद! लाज नाई वाटत तिची अशी बदनामी कराले?"

आता मात्र डोमाभाऊनं हात जोडले, वाडवडिलांची माफी मागितल्यासारखं वर बघितलं आणि म्हणाला, "ताई, पद्धत मोडतो, पन कोनची बायको? मायं लगनच नाई झालं!"

माझ्या दातांखाली वडा कटकन वाजला.

"नाई झालं? मंग ब्लॉगवर कोन हाये?"

"कोनता ब्लॉग?" एवढं म्हणून डोमाभाऊ थांबला. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "हात्तिच्या! मनून यंदा माया दोन सोयरिका मोडल्या! पोरीवाले मनत, घरी बायको असून फसवून राह्यला का बे? मले वाटे, नाटकामुळं मनत असन!"

मी पाण्याचा गिलास तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही खाली ठेवला नाही.

सलीमभाऊ शांतपणे भात कालवत म्हणाला, "भाभी, तसा जांभळा कोट सगळ्या तालुक्यात एकच शिवला गेला. मीच शिवला. तुमच्याच लग्नात."

"तुले मालूम होतं?" मी ओरडलो.

"पयल्या दिवसापासून. पन उन्हाळा निंगाले पायजे ना गा!"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही, लहान मुलंही वाचत असतील. तिनं फक्त हात पुढे केला. मी मोबाईल दिला. पासवर्डही दिला. तिनं तिथंच उभ्यानं लिहिलं. 'डोमाभाऊ कुंवारे आहेत, माणूस चांगला आहे. आतापर्यंतचा सगळा येडेपणा माझ्या नवऱ्याचा. उरलेला मी सांगते.'

आणि सांगते आहे अजून! मोहाच्या झाडाखालच्या बकरीला वाघ समजून मी झाडावर चढलो, तेही आलं. उतरायला बकरीवालीनंच मदत केली, तेही.

डोमाभाऊचं लग्न त्या मंडईतच जुळलं. आता तो सुनंदाचा ब्लॉग नेमानं वाचतो आणि त्यातलं सगळं नाटकात घेतो. परवा गावोगावच्या चाहत्यांसोबत मीही मांडवात बसलो होतो. मांडव माझा, गोष्ट माझी, आणि स्टेजवर डोमाभाऊ जांभळा कोट घालून बुजगावण्याच्या पाया पडत होता.

घरी येऊन ब्लॉग उघडला. खाली डोमाभाऊची प्रतिक्रिया होती.

'लिवत रावा ताई. आता आमा नवराबायकोचं पोट तुमच्या नवऱ्यावरच चालते.'