बाबांनी मारलेली फुंकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो, हे सांगितलंय — चार मित्रांत, हसत हसतसुद्धा. ते सोपं होतं, त्यात नुसती फजिती होती. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

अमेरिकेत, बेलव्ह्यूत मी एकटा राहतो. शिक्षा झाल्यावर कायद्याप्रमाणे गाडीत एक यंत्र बसवावं लागलं. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तरच गाडी सुरू होणार. समोर छोटासा कॅमेरा, फुंकणाऱ्याचा फोटो काढणारा. महिन्याभरात कोल्हापूरहून बाबा आले, सहा महिन्यांसाठी. त्यांना काय सांगणार? "नवीन रूल आहे बाबा, सगळ्या गाड्यांना असतं," म्हणालो. ते "बरं" म्हणाले. मला वाटलं, चला, सुटलो.

आणि पिणं सोडलं होतं का? — नाही. कमी केलंय, असं मी स्वतःला सांगायचो. एकट्या माणसाला स्वतःशी खोटं बोलायला भरपूर वेळ असतो. एका सकाळी गाडीत बसलो आणि नळी हातात घेऊन तसाच थांबलो. फुंकलं तर काय येईल ते ठाऊक होतं. नऊला मीटिंग होती. वाटेत देवळात सोडायचं म्हणून बाबा शेजारी बसलेले. "बाबा, मला जरा सर्दी झालीय, तुम्ही फुंकता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा सारखा केला आणि फुंकलं. पंचाहत्तरीतल्या माणसाच्या छातीत हवा ती केवढी — तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. आणि बापाला शेजारी बसवून मी तशीच चालवली. हा गुन्हाच. पण मी अजून मूळ गोष्टीला हात घातलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

फोटो जायचा तिथे गेला. शिक्षेच्या काळात माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरनं आम्हा दोघांना बोलावलं. खरं बोललो असतो तर लायसन्स गेलं असतं, व्हिसाचं काय झालं असतं कोण जाणे. मी म्हणालो — आणि किती सहज म्हणालो! — की काहीतरी विसरलं म्हणून मी वर गेलो होतो, तेवढ्यात वडिलांनी त्या यंत्राशी चाळा केला. परत आलो तर गाडी चालू, मी निघालो. त्यांना इंग्रजी येत नाही हो. खेड्यातले आहेत, कळत नाही त्यांना.

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. मलाही त्यांनीच. यंत्रावरची ठळक अक्षरांतली सूचना — दुसऱ्यासाठी फुंकणं गुन्हा आहे — त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली असणार. आणि त्या खोलीतलं माझं वाक्यन् वाक्य त्यांना कळत होतं.

ऑफिसर भली बाई होती. त्यांच्याकडे वळून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत, बोट हलवत ती म्हणाली, "नो ब्लो. ओके? नो ब्लो." बाबा मान डोलावत राहिले. मी तिथेच थांबवू शकलो असतो ना? नाही थांबवलं. मला हायसं वाटलं. आम्हाला समज देऊन सोडलं.

घरी येऊन त्यांनी कुकर लावला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. इमारतीखालच्या बाकावर एका अमेरिकन आजोबांशी ते रोज गप्पा मारायचे, ते बंद झालं. आठवड्यानं म्हणाले, "तिकीट बदलून घे." तीन महिने आधीच निघाले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं त्यांना साध्या इंग्रजीत विचारलं, बॅग तुम्हीच भरलीत का? बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी उत्तर देईपर्यंत गप्प उभे राहिले.