स्क्रीनवर नसलेला माणूस

इथले गूढ अनुभव मी आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचत आले... आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायला. आमच्या मुखेडच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. अंगात येणं, उतारा, करणी असलं काही आम्ही कधी मानलं नाही, मी आजही मानत नाही. त्यामुळे ही भुताची गोष्ट नाही. कशाची आहे, ते मात्र मला ठरवता आलेलं नाही.

मी लातूरला राहते, औसा रोडच्या बाजूला. अॅप आणि वेबसाइटच्या स्क्रीन डिझाइन करते, घरूनच. गेल्या उन्हाळ्यात एका बंदराचं काम मिळालं होतं. तिथल्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठी स्क्रीन असते. कुठलं जहाज धक्क्याला लागलंय, कुठली क्रेन बंद आहे, ट्रेलर कुठे अडकलेत, हे सगळं त्या क्षणी, एका नजरेत कळलं पाहिजे. ती स्क्रीन मला करायची होती. मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला! पण नकाशा बंदराचा खरा होता, त्यांनीच पाठवलेला. त्यावर पळणारे ठिपके मात्र खोटे — डिझाइन तपासण्यासाठी मी स्वतः बसून भरलेली डमी माहिती. माझा लॅपटॉप बंदराच्या कुठल्याही सिस्टिमला जोडलेला नव्हता. एवढं कृपया लक्षात घ्या.

माझे मामा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे होते. एसटीत कंट्रोलर होते, बरीच वर्षं मुखेडच्या स्टँडवर काढली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्या डोळ्याने त्यांना माणसाचा चेहरासुद्धा ओळखू येत नसे, आवाजावरून ओळखायचे. मी काम करायचे आणि ते शेजारी खुर्चीत बसून असायचे.

"काय पळायलंय गं त्याच्यात?" एकदा त्यांनी विचारलं. मी सांगितलं — जहाजं, क्रेन, ट्रेलर, कंटेनर.

"अन् माणसं?"

"माणसं नसतात त्यात, मामा."

"हूं," म्हणाले.

क्लायंटला डिझाइन दाखवायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपारचे अडीच वाजलेले, कूलर चालू. मी मुकाट्याने रंग बदलत बसले होते. मामा डोळे मिटून मागे रेललेले, मला वाटलं झोपलेत. तेवढ्यात अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"प्रज्ञे, त्या माणसाला कोन्ही उठवंना का गं?"

"कोणत्या माणसाला?"

"त्यो बसलाय की." ते उठले, पुढे आले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. "हितं. पाठ टेकून बसलाय. जवळ पानी बी न्हाई."

बोट होतं कंटेनर रचून ठेवतात त्या यार्डात. सी ब्लॉक, सात आणि आठ नंबरच्या ओळींमधली गल्ली. तिथे काहीच नव्हतं, नुसती राखाडी पट्टी.

"मामा, हे सगळं खोटं आहे. मीच बनवलंय."

"खोटं आसंल. तू फोन लाव."

मला हसू आलं. वाटलं, डोळ्यातल्या ड्रॉपमुळे काहीतरी होत असेल. पण मामा हसले नाहीत. "तुझं काय जातंय? लाव की फोन," म्हणत उभेच राहिले.

काय जातंय? हे माझं आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. कंट्रोल रूममधल्या सावंत सरांना काय सांगायचं... माझ्या मामांना तुमच्या यार्डात माणूस दिसतोय? दहाएक मिनिटं मी टाळलं. मामा बसले नाहीत. शेवटी मी फोन लावला आणि चक्क खोटं बोलले.

"सर, सी ब्लॉकमध्ये सात आणि आठच्या मधल्या गल्लीचा एक फोटो मिळेल का? डिझाइनसाठी अंतर बघायचंय. आत्ताच हवा होता."

"आत्ता? या उन्हात?" ते वैतागलेच. "बरं, बघतो. पाठवतो कुणाला तरी."

पाऊण तास झाला तरी फोटो आला नाही. मग त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

"मॅडम, तुमचा फोटो राहिला. तिथे आमचा एक माणूस पडलेला सापडला."

कंत्राटावरचा कामगार होता. शुगरचा त्रास, त्यात ते ऊन. सावलीला म्हणून गल्लीत टेकला आणि तिथेच शुद्ध हरपली. सोबत काम करणाऱ्याला वाटलं, तो घरी गेला. त्या ब्लॉकमध्ये दिवसभर काम नव्हतं, संध्याकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकलंही नसतं. "तुमच्या फोटोमुळे वाचला तो," सावंत म्हणाले.

"हो का... बरं झालं," मी म्हणाले. खरं काय ते मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, स्क्रीनवर माणसं हवीत. एखादा बराच वेळ एका जागी राहिला तर ते दिसलं पाहिजे. त्यावर खूप वाद झाले, पण शेवटी ते झालं.

आठेक दिवसांनी त्या कामगाराचाच फोन आला. सावंतांनी नंबर दिला होता. म्हणाला, "ताई, फोटो तुम्ही मागितलेला ना? मग मिळाला का?"

"नाही."

"मी पाठवतो."

आणि खरंच पाठवला. दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये रिकामी गल्ली. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले.

माझी फाइल मी पुन्हा पुन्हा तपासली. बंदराची खरी माहिती त्यात कुठूनही आलेली नव्हती. आणि आली असती तरी त्यांच्या माहितीत तेव्हा माणसं नव्हतीच! योगायोग म्हणावा, तर एवढ्या मोठ्या यार्डात नेमकी तीच गल्ली?

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन मामांना नीट दिसायला लागलं, तेव्हा एकदा चहा पिताना विचारलंच. "मामा, त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय दिसलं होतं?"

"मला कुठं काय दिसायलं तवा? डोळे झाकून पडलो व्हतो. तूच म्हनलीस की."

"मी? मी काय म्हणाले?"

"सी सातला मानूस बसलाय, पानी न्हाई त्याच्यापाशी. दोनदा म्हनलीस. म्हनून तर इचारलं, कोन्ही उठवंना का."

"आणि बोट? बरोबर तिथेच कसं ठेवलंत?"

मामांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"आगं, तूच माझा हात धरून ठिवलास की तिथं."

त्या दुपारी मामांनी विचारेपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी बोट टेकवलं तेव्हा माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते, हे मला स्पष्ट आठवतं. मामा खोटं बोलत नाहीत, मीही बोलत नाहीये. आमच्यापैकी एकाचं आठवणं चुकत असेल, हे मी मान्य करते. पण कुणाचंही चुकत असलं, तरी तो माणूस तिथे आहे हे त्या खोलीत कुणाला माहीत होतं?