ओहायो तालुक्यातले चाळीस शेतकरी

आमच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध रचून ठेवले आहेत. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एम. ए.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने असा एक प्रबंध लिहायचा असतो. लिहायचा म्हणजे त्या कपाटातला एक उचलायचा, कॉलेजसमोरच्या टायपिंगवाल्याकडे न्यायचा आणि गावाचं नाव बदलून आणायचा. एकाच ग्रामपंचायतीच्या कारभाराचा अभ्यास अशा रीतीने अर्धा वर्धा जिल्हा फिरून आला होता. निष्कर्ष सगळीकडे तेच, शिफारशी त्याच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायचो, म्हणजे दर जूनला नवी नेमणूक आणि दर मे महिन्यात त्यासाठी वरच्यांच्या दारात खेटे. या सगळ्याची कुणाला लाज नव्हती. मलाही नव्हती. मी फक्त सगळ्यांना तुच्छ लेखायचो आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजायचो.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. आमचे विभागप्रमुख कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आले आणि तिथून एवढंच शिकून आले की समितीपुढे आंतरराष्ट्रीय विषय शोभून दिसतात. आल्या आल्या त्यांनी वर्गात फर्मान काढलं, "यंदा ग्रामपंचायत बंद. सब लोग अमेरिका घेतीन. तिथलं आजचं राजकारण आन धोरण." लग्नात वऱ्हाड्यांना एकाच रंगाचे फेटे बांधावेत तशी अठरा जणांच्या डोक्यावर अमेरिका बांधली गेली. विषय हजेरीपटाच्या क्रमाने वाटले. पहिल्या सहांना अध्यक्ष, मधल्या सहांना निवडणुका, शेवटच्या सहांना सार्वजनिक धोरण. साहेबांना स्वतःला अमेरिकेबद्दल इतकंच ठाऊक होतं की त्यांचा भाचा तिथे असतो. मार्गदर्शनासाठी अठराही जण त्यांनी माझ्या गळ्यात मारले.

आमच्याकडची आणखी एक रीत सांगायला हवी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं. 'सदर प्रबंध मी तपासला असून ते विद्यार्थ्याचे स्वतःचे काम आहे.' ऐन वेळी धावपळ नको म्हणून ही प्रमाणपत्रं दिवाळीनंतर लगेच छापून घेतात आणि मार्गदर्शक एका बैठकीत सगळ्यांवर सह्या करून मोकळा होतो. तोवर प्रबंधाची एक ओळही कुणी लिहिलेली नसते. मी चहा पिता पिता अठरा सह्या केल्या. चहा थंडसुद्धा झाला नव्हता.

धोरणवाल्या सहांमध्ये अल्लीपूरची एक मुलगी होती. घरची कापसाची शेती, रोज एसटीने ये-जा. वर्गात फारसं बोलायची नाही. विषय वाटल्यावर ती स्टाफरूममध्ये आली.

"सर, मले सेट द्याची आहे. त्याले एमएत पंचावन टक्के लागते. पह्यल्या वर्षी मी आजारी होती, मार्क कमी पडले. आता प्रोजेक्टातच भरून काढा लागन. म्हून विचारून राह्यली, अमेरिकेचा शेतीचा कायदा घेऊ का?"

सेट म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा. माझ्याकडे रोज पाहूनही हिला प्राध्यापक व्हायचं होतं, याची मला कीव आली. "घे," मी म्हटलं. "नेटवर आयतं मिळेल."

"हो सर, मूळ कायदाच आहे तिथं. लय मोठा आहे, पण वाचीन."

माझा टोमणा तिच्या लक्षात आला नाही, की आला आणि तिने सोडून दिला, हे मला अजून कळलेलं नाही. हिवाळ्यात ती दोन-तीनदा लिहिलेली पानं घेऊन आली. मी वरचं पान पाहून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत परत केली.

मार्चमध्ये प्रबंध जमा झाले. त्यातला एक वर्ध्यातल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाचा होता. 'ओहायो राज्यातील शेतीविषयक धोरणे' असा विषय. मी मधलंच पान उघडलं. 'ओहायो हे तालुक्याचे ठिकाण असून येथील मुख्य पीक कापूस आहे. ओहायोला जाण्यासाठी हिंगणघाटहून एसटी बसेस उपलब्ध आहेत. संशोधकाने ओहायो तालुक्यातील चाळीस शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून प्रश्नावली भरून घेतली.' कपाटातला समुद्रपूर तालुक्याचा जुना प्रबंध त्याने टायपिंगवाल्याकडे दिला होता, आणि टायपिंगवाल्याने संगणकाला एकच हुकूम सोडला होता: समुद्रपूर दिसेल तिथे ओहायो कर. मी ते पान स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोक हसून हसून टेबलावर पडले. मुलाला बोलावून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, थे टायपिंगवाल्याची मिस्टेक आहे. मी त्याले बोललो होतो, बस काढून टाकजो म्हणून."

मग मला चटकच लागली. बाकीचे प्रबंध मी तपासायला नव्हे, असली पानं शोधायला उघडू लागलो. सापडतही होती. एकाने अमेरिकेच्या अध्यक्षांना सरपंचाची मुदत दिली होती. एकीच्या निवडणुकीत मतदारांना शाई लावून झाली होती. रोज दुपारी मी नवं पान वाचायचो आणि स्टाफरूम माझी वाट पाहायची. इतकं कौतुक मला शिकवण्याबद्दल कधी मिळालं नव्हतं.

अल्लीपूरच्या मुलीचा प्रबंध सगळ्यांत जाड होता. तोही मधूनच उघडला. 'अल्लीपूर परिसरातील चाळीस शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली.' मी टेबलावर थाप मारली. विषय अमेरिकेचा कायदा आणि शेतकरी अल्लीपूरचे! हिने तर गावाचं नाव बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते. मी लाल पेनाने पानभर आडवं लिहिलं, 'हा कुणाचा जुना प्रबंध?' आणि बंद करून ठेवला. पुढचं पान उलटलंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांसाठी तर्री-पोहे होते आणि शाल होती. शाल ओहायोवाल्याच्या वडिलांच्या दुकानातली होती. परीक्षकांनी त्याला विचारलं, अमेरिकेत राज्यं किती? तो म्हणाला, पन्नास. परीक्षक खूश झाले. ओहायोची एसटी बिनबोभाट सुटली आणि वेळेवर पोचली.

मग ती आली. परीक्षकांनी काही विचारण्याआधीच मी तिचा प्रबंध त्या पानावर उघडला आणि ओहायोला लावला होता तोच आवाज लावून वाचला. "सर, हा बघा अमेरिकेचा कायदा. थेट अल्लीपुरात लागू झालेला दिसतो." विभागप्रमुख हसले. परीक्षकांना पोहे खाता खाता ठसका लागला.

"सर, थे जुनं नाई," ती म्हणाली. "मीच फिरून भरून घेतले. मांगं परिशिष्ट जोडलं आहे."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "विषय अमेरिका आहे ना? मग अल्लीपूर कुठून आलं? विषयाची मर्यादा पाळायची असते." आणि त्यांनी पास होण्यापुरते गुण टाकले. ती जाताना त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, "परिशिष्ट पाहून घ्या सर."

दुपारी सगळे जेवायला उठले. मी गुणांच्या बेरजा करत मागे राहिलो. परिशिष्ट मी उघडलं, पण तिच्या सांगण्यावरून नाही. हसायला आणखी काही सापडेल म्हणून उघडलं.

तिने त्या अवाढव्य कायद्याचं सार दोन पानांच्या सोप्या मराठीत केलं होतं. कापसाचा भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की तिथलं सरकार शेतकऱ्याला फरक कसा देतं, पिकाच्या विम्याचा हप्ता कोण भरतं, आणि शहरातल्या गरिबांच्या अन्नाची योजना त्याच कायद्यात का बांधली आहे. ही दोन पानं तिने चाळीस शेतकऱ्यांना, कुणाला बांधावर, कुणाला दारात, वाचून दाखवली होती आणि विचारलं होतं, तुम्ही तिथे निवडून गेला असता तर कशाला मत दिलं असतं? चाळीस उत्तरं त्यांच्याच बोलीत, त्यांच्या सह्यांनिशी, काहींच्या अंगठ्यानिशी. एकाने म्हटलं होतं, "शहरवाल्याचं पोट आन खेड्यावाल्याचा कापूस एका गठ्ठ्यात बांधला, म्हून दोघंबी मत देतात. हुशार आहे लोकं." अमेरिकेच्या शेती धोरणावर मी वर्गात तीन तास बोललो होतो आणि ही एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्याला वाटत होतं की गठ्ठा सोडला तर कापूसवाल्याला कुणी विचारणार नाही. आमच्या कॉलेजात अमेरिकेवर खरं संशोधन एकच झालं होतं, आणि मी त्यावर लाल पेनाने हसलो होतो.

शेवटचा प्रश्न होता, तिथल्या संसदेतल्या लोकांना काही विचारायचं आहे का? एका म्हाताऱ्या शेतकरी बाईचं उत्तर, खाली अंगठा: "येवढा मोठा कागद, त्यावर सही कराच्या आधी थे लोकं वाचतात का?"

मी प्रबंध घेऊन विभागप्रमुखांकडे धावलो. परीक्षक हात धूत होते, गुणपत्रकाचं पाकीट अजून उघडंच होतं. मी सांगितलं की माझी चूक झाली, या मुलीचे गुण वाढवायला हवेत, तिची सेट अडेल. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही काऊन टेन्शन घेता सर? आता मार्क खोडले तं वर विद्यापीठात लिहून द्या लागन का गाइडनं प्रबंध न वाचता सही केली. मंग बाकीचे सतरा बी उघडा लागतीन. जूनही जवळ आला ना."

जून म्हणजे माझी नेमणूक. मी मान हलवली. पाकिटाला डिंकही मीच लावला. आयुष्यभर मी ज्या माणसांना तुच्छ मानलं, त्यांच्यातल्या एकानेही त्या दिवशी माझ्याइतकं हलकं काम केलं नाही. ओहायोवाल्याने निदान टायपिंगवाल्याला बस काढायला सांगितली होती.

निकाल लागला. ती पंचावन्नाच्या आतच राहिली. जूनमध्ये माझी नेमणूक झाली.

पुढच्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात आली. मी उत्तरं जुळवून ठेवली होती, पण गुणांबद्दल तिने एक शब्द काढला नाही.

"सर, माहा प्रबंध वाचून झाला असन तं परत द्या. मी त्या चाळीस लोकाईले कबूल केलतं, काम झाल्यावर सगळं वाचून दाखवीन म्हणून. थे विचारून राह्यले."

मी तो खणातून काढला. ते पान आपोआप उघडलं. लाल अक्षरं मला वाटली होती त्याहून मोठी होती. टेबलावर व्हाइटनरची बाटली होती. मी ती उचलली आणि म्हणालो, "थांब, हे जरा पुसून देतो."

"राहू द्या सर," तिने प्रबंध माझ्या हातून घेतला. "पह्यल्या पानावर तुमची सही आहे का हे माहं सोताचं काम आहे. आन इथं लिहिलं आहे का हा कोणाचा जुना प्रबंध. मी दोन्ही वाचून दाखवीन. खरं काय, थे लोकं ठरवतीन."